झिजलेली कृत्रिम हिरवळ : दुरुस्ती कोठवर करावी?

दिल्लीच्या नैऋत्य भागातील रामकृष्णपुरम, लोकांच्या तोंडी आर. के. पुरम, ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी वसविलेली एक विस्तीर्ण वसाहत आहे. सेक्टरांच्या क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या ह्या वसाहतीत महाराष्ट्रातून बदलीवर आलेली कुटुंबेही नांदतात. तळमजल्यावर निवासस्थान मिळाले, तर त्यासोबत चार पावलांचे अंगण पदरी पडते. ह्या अंगणांतून तुळस, मोगरा आणि हरळी असावयाची. अलीकडे त्यांपैकी काहींत प्लास्टिकची हिरवळ अंथरलेली दिसते. आरंभीची काही वर्षे ती डोळ्यांना सुखविते. पुढे दाराशी, झोपाळ्याखाली, सायकल टेकविण्याच्या जागी तिला टक्कल पडू लागते. सांधे उकलतात, कडा वर वळतात, पहिल्या पावसानंतर मधोमध डबके साचते. मग घरात प्रश्न उभा राहतो : ही उचलून फेकून द्यावी, तिच्यावरच नवी अंथरावी, की दुरुस्त करावी?

ह्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की दुरुस्त करावी. परंतु ती दुरुस्ती वरून नव्हे, खालून आरंभावी, आणि ती कोठे थांबवावयाची हे आधीच ठरवून ठेवावे. कृत्रिम हिरवळ म्हणजे सतरंजी नव्हे. जमीन, पाणी आणि ऊन ह्यांच्याशी तिचा नित्य व्यवहार चालतो, आणि तो व्यवहार समजून न घेता लावलेले ठिगळ पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही.

ही वस्तू जन्मास कशी आली, हे येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही, कारण तिच्या जन्माचे कारण आर. के. पुरमच्या अंगणातही हजर आहे. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी १९६५ साली ॲस्ट्रोडोम नावाचे, संपूर्ण छताखालचे प्रचंड क्रीडागृह उघडण्यात आले. आत खरे गवत लावले होते आणि त्यास ऊन मिळावे म्हणून छताला पारदर्शक तावदाने बसविली होती. त्या तावदानांच्या चकाकीमुळे खेळाडूंना उंच उडालेला चेंडू दिसेना; म्हणून तावदानांवर रंग फासण्यात आला, आणि उन्हावाचून गवत मेले. १९६६ साली तेथे नायलॉनच्या पात्यांची हिरवळ अंथरली गेली व तिला ‘ॲस्ट्रोटर्फ’ हे नाव मिळाले. दहा वर्षांनी, १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये, हॉकी प्रथमच अशा पृष्ठभागावर खेळली गेली, आणि नैसर्गिक मैदानावर घडलेल्या आपल्या खेळाडूंना त्याची किती झळ लागली, हे हॉकीप्रेमी वाचकांस ठाऊकच आहे. सांगावयाचे ते इतकेच की कृत्रिम हिरवळ ही सावलीच्या अडचणीतून निघालेली तोड आहे. आर. के. पुरमच्या जुन्या वसाहतीतही कडुनिंबाच्या दाट छायेत हरळी तग धरीत नाही. तिला भरपूर ऊन लागते. जेथे झाड आहे तेथे गवत नाही, आणि जेथे गवत नाही तेथे मे महिन्यात धूळ उडते व ऑगस्टात चिखल होतो. ज्यांनी प्लास्टिक अंथरले ते काही केवळ हौसेने नव्हे, हे त्यांच्या टीकाकारांनी ध्यानी घ्यावे.

आता ह्या वस्तूच्या अवयवांविषयी. मराठीत त्यांना रूढ नावे नाहीत. केंद्र सरकारचा वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग १९६१ पासून पारिभाषिक शब्द घडवीत आहे, आणि त्याचे कार्यालय ह्याच आर. के. पुरमच्या वेस्ट ब्लॉक ७ मध्ये आहे. तथापि प्रत्येक शब्दासाठी आयोगाचे दार ठोठावण्याचे कारण नाही. वरच्या हिरव्या तंतूंना आपण पाती म्हणू. ती ज्या विणलेल्या कापडात ओवलेली असतात ते कापड आणि त्याच्या मागे थापलेला रबरी किंवा पॉलियुरेथेनचा लेप मिळून झाली पाठ. पाणी खाली जावे म्हणून तिला भोके पाडलेली असतात. पात्यांच्या मुळाशी पसरलेली वाळू म्हणजे भरण. चौथा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे आणि तो फार नेमका आहे : लव. मखमलीवर हात फिरविला असता एका दिशेने ती मऊ लागते व उलट दिशेने खरखरीत. ह्या हिरवळीचेही तसेच आहे. ज्यास लवीची दिशा कळली त्यास अर्धी दुरुस्ती कळली.

पाती बहुधा पॉलिएथिलिनची असतात. पॉलिएथिलीन हे बहुवारिक आहे; म्हणजे त्याचा रेणू एक लांबलचक साखळी असते, आणि पात्याचा चिवटपणा हा त्या साखळीच्या लांबीत असतो. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण आणि हवेतील ऑक्सिजन मिळून ह्या साखळ्या तोडीत राहतात. कारखान्यात ह्यावर उपाय म्हणून संरक्षक रसायने मिसळलेली असतात, पण ती जसजशी खर्ची पडतात तसतसे पाते ठिसूळ होते. ही झीज पायांनी होणाऱ्या झिजेहून सर्वस्वी निराळी आहे. पायाखाली दबलेले पाते पुन्हा उभे करता येते. उन्हाने तुटलेली साखळी कोणत्याही उपायाने जोडता येत नाही. म्हणून दुरुस्तीचा विचार करण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. कडेचे एक पाते चिमटीत धरून दुमडावे व सोडावे. ते परत सरळ होऊ लागले, तर हिरवळ अजून जिवंत आहे, असे निर्जीव वस्तूविषयीही म्हणावयास हरकत नाही. घडीवर ते तुटले, किंवा बोटांना हिरवट भुकटी लागली, तर तिचे आयुष्य सरले. अशी हिरवळ घासण्याने, झाडण्याने, पाऊल पडण्याने भुकटी होत राहते आणि ती भुकटी मातीत व गटारात जाते. तेथे ठिगळ लावणे म्हणजे फाटल्या आभाळास ठिगळ लावणे होय.

परीक्षेत टिकलेल्या हिरवळीचे प्रथम शत्रू धूळ आणि पाला. दिल्लीत मे-जूनच्या आंधीबरोबर येणारी बारीक धूळ पात्यांच्या मुळाशी जाऊन बसते. कडुनिंबाचा पाला त्यावर पडतो, कुजतो, आणि पाऊस पडताच दोहोंचा लेप होऊन पाठीची भोके बुजतात. मग त्या लेपात पिंपळ उगवतो, आणि कित्येकदा कडेकडेने खरी हरळीच आत शिरते. (हिरव्या प्लास्टिकातून डोके वर काढणारी ती कोवळी हरळी पाहून मला दर वेळी गंमत वाटते, पण तिची मुळे पाठ उचलतात हेही खरे.) म्हणून पावसापूर्वी, सर्व कोरडे असताना, ताठ नायलॉनच्या झाडूने लवीच्या उलट दिशेने झाडावे. तारेचा ब्रश वापरू नये. तो पाती चिरतो. ह्या एका कामानेच निम्मी ‘झिजलेली’ हिरवळ पुन्हा उभी राहते, कारण ती झिजलेली नसून दबलेली असते.

उभी राहिलेली पाती तशी राहावीत म्हणून भरण पुरे हवे, आणि येथे दिल्लीत एक विशेष अडचण आहे. बांधकामाच्या दुकानी दोन तऱ्हेची रेती सहज मिळते : यमुनेची आणि ‘बदरपूर’. यमुनेची रेती बारीक, गाळमिश्रित, अभ्रकाने चमकणारी असते. ती धुळीचेच काम करते आणि भोके बुजविते. बदरपूर ही अरवलीच्या क्वार्टझाइट दगडाची तांबूस जाड रेती. आज जेथे असोला-भट्टी अभयारण्य आहे त्या परिसरातील खाणींतून ती एकेकाळी निघत असे. गिलाव्याला आणि काँक्रीटला ती उत्तम. परंतु तिचे कण कोनाकोनाचे व धारदार असतात, आणि पावलागणिक ते पात्यांची मुळे कापतात. भरणासाठी धुतलेली, वाळलेली, गोलसर कणांची गारेची वाळू हवी. कण सुमारे अर्धा ते एक मिलिमीटर व्यासाचे असावेत. ती जलशुद्धीकरणाचे सामान विकणाऱ्यांकडे मिळू शकते. एकदम ओतू नये. थोडी थोडी भुरभुरावी आणि प्रत्येक थर झाडूने मुळाशी उतरवावा.

परंतु वर म्हटल्याप्रमाणे खरे दुखणे बहुधा खाली असते, आणि ह्याच बाबतीत सर्वाधिक हयगय होते. अंगणात डबके साचू लागले की लोक वरून नवा तुकडा चिकटवितात, किंवा आणखी वाळू टाकतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातला हा प्रकार. खालची भर नीट चोपलेली नसली, तर ती एक-दोन पावसाळ्यांत बसते. बसलेल्या जागी पाणी थांबते, पाण्याने सांध्यांचा डिंक सुटतो, सुटलेल्या कडेत पाय अडकतो. साचलेल्या पाण्याला दुर्गंधी सुटते ती निराळीच, आणि दिल्लीत पावसाळ्याच्या शेवटी डेंग्यूचा हंगाम असताना स्वच्छ पाण्याचे उथळ डबके एडिस डासाला आमंत्रण देते.

रोग कोठे आहे हे शोधण्यासाठी शाळेतील मुलांनाही करता येईल असा एक प्रयोग आहे. हिरवळीवर एकाच जागी एक लिटर पाणी सावकाश ओतावे आणि ते दिसेनासे होईपर्यंतचा वेळ घड्याळात पाहावा. मग दुसऱ्या जागी हिरवळीची कड उचलून खालच्या जमिनीवर तेवढेच पाणी ओतून पाहावे. जमीन पाणी लवकर पिते आणि हिरवळ मात्र थांबविते, असे आढळले तर पाठीची भोके बुजलेली आहेत, झाडणे-धुणे पुरे. दोन्ही ठिकाणी पाणी तुंबले तर जमीनच दगडासारखी घट्ट झालेली आहे, किंवा खाली सिमेंट आहे, आणि तेव्हा वरवरच्या कोणत्याही उपायाचा उपयोग नाही. हिरवळ गुंडाळून बाजूस ठेवावी, बसलेला भाग खोदून मोकळा करावा, त्यात बारीक खडी व दगडाचा चुरा थराथराने घालून चोपावा, आणि मीटरमागे एक सेंटिमीटर इतका उतार घरापासून दूर द्यावा. हे काम कष्टाचे आहे खरे, पण त्यात एकही नवी वस्तू विकत घेण्याची गरज नाही, थोडी खडी वगळता. आणि म्हणूनच की काय, कोणताही विक्रेता ते सुचवीत नाही.

सांधा जोडणे त्या मानाने सोपे. दोन्ही कडा उलट्या दुमडून जुना डिंक खरडून काढावा. खाली सुमारे तीस सेंटिमीटर रुंदीची जोडपट्टी अर्धी-अर्धी पसरावी. तिच्यावर दोन घटकांचा पॉलियुरेथेनचा चिकटपदार्थ दातेरी थापीने लावावा आणि कडा एकमेकींना भिडवाव्यात. ह्या वेळी कडेची पाती खाली चेपली जाऊ नयेत म्हणून कोणीतरी ती बोटांनी वर धरावी; येथे चार हात असले तर बरे. नंतर त्यावर फळी व विटांचे वजन एक दिवस ठेवावे. भर दुपारी हे काम करू नये, कारण उन्हाने हिरवळ ताणली जाते आणि रात्री आखडून सांध्यात फट पाडते. पावसाळ्यात तर नकोच. दिल्लीत ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च हे महिने त्यास योग्य.

दिवाळीच्या फटाक्याने किंवा शेगडीतल्या निखाऱ्याने पडलेल्या भोकासाठी ठिगळ लागते, आणि ठिगळ कोठून घ्यावे ह्याविषयी जुन्या शिंप्यांचे शहाणपण उपयोगी पडते. कोटाला भोक पडले की चांगला शिंपी बाजारात कापड शोधीत नाही. तो कोटाच्याच आतल्या शिवणीतून तुकडा काढतो, कारण तो तुकडा कोटाबरोबरच विटलेला असतो. अंगणातही कुंड्यांच्या रांगेमागचा किंवा पायरीखालचा तुकडा घ्यावा. नवा आणलेला तुकडा हिरवागार चमकतो आणि भोकापेक्षा अधिक डोळ्यांत भरतो. भोकाभोवती चौकोन कापावा तो पाठीच्या बाजूने, पात्यांच्या ओळींच्या मधून, धारदार पात्याने. आणि ठिगळाची लव आजूबाजूच्या लवीशी जुळते ना, हे डिंक लावण्यापूर्वी हात फिरवून पाहावे. उलट्या लवीचे ठिगळ सायंकाळच्या तिरप्या उन्हात निराळ्या रंगाचे दिसते आणि ते मग कायम तसेच दिसत राहते.

येथवर मी दुरुस्तीचा कैवार घेतला. दोन बाबतींत मात्र तो घेता येणार नाही.

पहिली उष्णतेची. अमेरिकेच्या ब्रिगम यंग विद्यापीठात २००२ साली केलेल्या मोजमापांत सकाळी सात ते सायंकाळी सात ह्या काळात कृत्रिम हिरवळीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान सुमारे ४७ अंश सेल्सियस आढळले, तर खऱ्या गवताचे सुमारे २६. कृत्रिम हिरवळीचे कमाल तापमान ९३ अंशांपर्यंत पोचले होते. कारण उघड आहे. गवत पानांतून पाण्याची वाफ करून स्वतःस थंड ठेविते, प्लास्टिकला तसे करता येत नाही. पाणी मारून पाहिले तेव्हा ते तापमान झपाट्याने उतरले, परंतु वीस मिनिटांत पुन्हा बहुतांशी पूर्वस्थितीवर आले. दिल्लीत, जेथे सफदरजंगच्या वेधशाळेत २९ मे २०२४ रोजी हवेचेच तापमान ४६.८ अंश नोंदले गेले, तेथे दुपारी उघड्या उन्हातील अशा हिरवळीवर अनवाणी मूल सोडणे धोक्याचे आहे. आणि पाणी मारीत राहणे हे पाण्याची ददात असलेल्या शहरात अप्पलपोटेपणाचे आहे. म्हणून ज्या अंगणात दिवसभर ऊन असते तेथील फाटक्या हिरवळीवर डिंक खर्च करू नये. ती काढावी आणि तेथे हरळी लावावी. ऊन आहे म्हणजे हरळीचे निम्मे काम झालेच. पावसाच्या आरंभी तिचे पेरे बोटभर अंतराने खोवले की प्रत्येक पेराला मूळ फुटते, आणि जी जमीन झिजेल ती हरळी स्वतःच भरून काढते. थंडीत ती पिवळी पडते, तेवढे सोसावे.

दुसरी बाब झाडाची. पुष्कळ अंगणांत हिरवळ बुंध्यापर्यंत घट्ट भिडवून, खाली सिमेंट घालून बसविलेली असते. मुळांनाही श्वास लागतो आणि पाणी लागते. दिल्लीतील झाडांभोवतीचे काँक्रीट बुंध्यापासून एक मीटरपर्यंत काढून टाकावे, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिला तो ह्याचसाठी. रस्त्याकडेच्या झाडास जे लागू, ते अंगणातल्या कडुनिंबासही लागू समजावयास काय हरकत आहे? दुरुस्तीसाठी हिरवळ उचललीच आहे, तर बुंध्याभोवती एक मीटर त्रिज्येचे वर्तुळ कापून काढावे. त्यातून निघालेला तुकडा ठिगळांसाठी कामास येतो, आणि उघड्या मातीवर पडलेला पाला तेथेच कुजू द्यावा.

आता ह्यावर कोणी म्हणेल की प्लास्टिकच जर वाईट, तर त्याची डागडुजी तरी कशाला. सर्व एकदम उचलून टाका. ह्या मताविषयी मला आदर आहे, पण ‘टाका’ म्हणजे कोठे, हे ते मत सांगत नाही. पात्यांचे पॉलिएथिलीन, पाठीचे पॉलिप्रॉपिलीन आणि मागचा रबरी लेप हे एकमेकांना इतके चिकटलेले असतात की ते वेगळे करून पुन्हा वितळविणे सामान्य भंगारवाल्याच्या आवाक्यातले नाही. दिल्लीत टाकलेल्या अशा गुंडाळीची वाट गाझीपूर, भलस्वा किंवा ओखला येथील कचऱ्याच्या डोंगरांकडेच जाण्याचा संभव अधिक; आणि कोणी थंडीत शेकोटीत घातली, तर तिचा विषारी धूर त्याच वसाहतीच्या छातीत जातो. सावलीत असलेली, पाते न तुटणारी हिरवळ आणखी काही वर्षे वापरात राहणे हे ह्या दोहोंपेक्षा बरे. मात्र भुकटी होऊ लागलेली हिरवळ वापरात ठेवणे तितकेच वाईट. युरोपीय संघाने २०२३ साली सूक्ष्म प्लास्टिकविषयी जो नियम केला, त्यात मैदानी हिरवळीत भरण म्हणून घालावयाच्या रबर-प्लास्टिकच्या कणांची विक्री आठ वर्षांच्या मुदतीनंतर बंद व्हावयाची आहे. घरच्या अंगणासाठी आपणास कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. रबराचे कण भरण म्हणून घेऊच नयेत, वाळू पुरते. आणि जिवंत मातीवर, जेथे आजवर प्लास्टिक नव्हते तेथे, ते नव्याने अंथरण्याचे समर्थन मला तरी करता येत नाही.

सरकारी निवासस्थानांच्या बाबतीत एक गोष्ट उरते. तेथे राहणारा बदलीने किंवा निवृत्तीने जातो, हिरवळ मात्र राहते. आणि नव्याने आलेल्यास ती कधी घातली, खाली काय आहे, पाणी कोणत्या बाजूस जाते, ह्यातले काहीच ठाऊक नसते. घर सोडताना विजेच्या मीटरचा आकडा लिहून देतात, त्याच कागदावर चार ओळी अधिक लिहिता येतील : अंथरल्याचे वर्ष, खाली माती की खडी की सिमेंट, शेवटची दुरुस्ती कधी व कोठे झाली. ठिगळांसाठी राखलेला तुकडा कोरड्या जागी, पाती बाहेरच्या बाजूस ठेवून गुंडाळावा, आणि त्याच्या पाठीवर खडूने नव्हे, तर न पुसणाऱ्या शाईने, लवीच्या दिशेचा बाण काढून ठेवावा.